मुरेपर्यंत गाडी हलवू नये

धाकट्याने स्पंजच्या ठोकळ्यावर फडकं ताणून बसवलं, त्यावर बाटलीतून थेंबांची एक रेघ ओढली आणि श्वास रोखून नव्या गाडीच्या मागच्या दारावर हात फिरवायला घेतला. आधी आडवा, मग उभा. श्वास रोखायची खरं तर गरज नव्हती. पण गाडीला कोटिंग कसं लावायचं ते दाखवणाऱ्या व्हिडिओतला दाढीवाला माणूस नेमका इथे आला की बोलायचा थांबत असे, आणि तो श्वास रोखत असावा असा धाकट्याने आपला समज करून घेतला होता.

रंगावर तेलकट इंद्रधनुष्य उमटलं. ते उमटलं की थोडं थांबायचं आणि मग पुसायचं. लवकर पुसलं तर कोटिंग फडक्याबरोबर जातं. उशिरा पुसलं तर तिथे डाग धरतो, आणि तो मशीन लावून घासल्याशिवाय जन्मात निघत नाही. थोडं म्हणजे किती, हे दाढीवाला सांगत नव्हता. तो फक्त म्हणायचा, "भावांनो, पॅनेलच तुम्हाला सांगेल."

धाकटा पॅनेलकडे, म्हणजे दाराच्या पत्र्याकडे, कान देऊन उभा राहिला.

बोलला तो फोन. स्टुलावर थरथरत तो कडेकडे सरकत होता आणि त्यावर ‘दादा’ अशी अक्षरं उजळली होती. धाकट्याने दार पुसून काढलं, मग पुसलेलंच पुन्हा पुसलं. तोवर फोन स्टुलावरून पडायच्या बेताला येऊन थांबला.

"साहेब, पेशंट कसा आहे?" चादरीपलीकडून वॉचमनने विचारलं.

चादरी धाकट्यानेच बांधल्या होत्या. इमारतीच्या पोटातल्या त्या पार्किंगमध्ये चार खांबांना दोऱ्या ताणून त्याने गाडीभोवती जुन्या चादरींची खोली केली होती, धूळ येऊ नये म्हणून. स्वतः डोक्याला अंघोळीची प्लास्टिकची टोपी, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा आणि हातात बायकोचे भांडी घासायचे हातमोजे अशा वेषात तो सकाळपासून आत होता. त्यामुळे वॉचमनचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही.

"बरा आहे."

"साहेब, रागावू नका, पण हिला इंजिन आहे ना? नाही, आल्यापासून एकदा बाहेर पडलेली पाहिली नाही. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणतात, हे मॉडेल नुसतं ठेवायचं असतं."

"आहे इंजिन."

"मग ठीक आहे," वॉचमन म्हणाला. पण त्याच्या आवाजावरून त्याचं समाधान झालेलं दिसत नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. आता घेणं भाग होतं.

"हॅलो, दादा."

"निघालास का रे? अण्णा सकाळपासून बूट घालून बसलेत. बॅग मांडीवर. तुझी वहिनी म्हणते, बॅग खाली तरी ठेवा, तर तेही नाही."

"दादा, आज गाडी निघणार नाही."

"का? बंद पडली? नवी ना?"

"बंद नाही पडली. कोटिंग लावतोय."

"म्हणजे रंग?"

"रंग नाही. रंगावर लावतात."

"रंगाला काय झालं?"

"काही नाही झालं."

"मग?"

"होऊ नये म्हणून."

दादा विमा कंपनीत होता. होऊ नये म्हणून आधीच काहीतरी करून ठेवणाऱ्या माणसांवर त्याचं घर चालत होतं. त्यामुळे या वाक्यावर हसणं त्याला परवडणारं नव्हतं.

"मग उद्या ये," तो शेवटी म्हणाला.

"उद्या संध्याकाळपर्यंत मुरायला लागतं."

"अरे, आम्ही उद्या पहाटे पोरीकडे निघतोय. महिनाभर आधी सांगितलंय तुला. सहा महिने अण्णा माझ्याकडे झाले, आता तुझ्याकडची पाळी. यात नवीन काय आहे?"

"टॅक्सीने पाठव ना."

"टॅक्सी! गेल्या वेळी टॅक्सीवाल्याला त्यांनी अर्ध्या वाटेत गाडी बाजूला घ्यायला लावून क्लच शिकवला. रडकुंडीला आला होता बिचारा. ते काही नाही, तू… थांब जरा. अगं, अण्णा कुठे गेले?"

मागे दारांचे आवाज आले. वहिनी काहीतरी म्हणाली. मग दादाचा आवाज आला, पण बराच खाली आलेला.

"अरे, फोन स्पीकरवर होता."

"मग?"

"मग काय. बूट घातलेलेच होते. गेले."

धाकट्याने फोन ठेवला. स्पंजवर थेंब टाकले. आत्ताच टाकले होते हे विसरून पुन्हा टाकले. जास्तीचे ओघळ दाराच्या कडेवरून खाली उतरायला लागले तसा तो घाईघाईने पुसायला वाकला, आणि वाकल्यावर आपण काय पुसतोय हे त्याला कळेना.

बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत छापलं होतं: लावल्यानंतर एक दिवस-रात्र मुरू द्यावे. मुरेपर्यंत गाडी हलवू नये. दुकानात इतरही बाटल्या होत्या. काही तासाभरात वाळणाऱ्या होत्या, काही नुसत्या फवारून चालणाऱ्या. दुकानदाराने त्याच आधी पुढे केल्या होत्या. धाकट्याने सगळ्या उलट्या करून वाचल्या आणि ही घेतली. आणि लावायला मुहूर्त शोधला तो आजचा. माणसं ताकाला जाऊन भांडं लपवतात. याने ताकाला जायलाच नको म्हणून भांड्याला कोटिंग लावायला काढलं होतं.

चादर बाजूला सरली आणि चहाचा कप घेऊन बायको आत आली. तिने गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"माझ्या तोंडाला कधी एवढ्या मायेने क्रीम लावलं नाहीस."

"तू ओली असताना हलतेस."

"वहिनींचा फोन आला होता. अण्णा निघालेत म्हणे एकटेच."

"हो."

"मी जाऊन घेऊन आले असते. मला सांगितलं असतंस तर मी गेले असते, एवढंच. तू आंघोळही न करता इथे येऊन चादरी बांधल्यास."

धाकट्याने चष्मा कपाळावर सरकवला. डोळ्यांभोवती दोन लाल गोल उमटले होते.

"बसने येत असतील," ती म्हणाली. "स्टॉपवर तरी जा."

"पॅनेल ओलं आहे."

"गाडी ओली आहे. तू कोरडा आहेस. पायी जा."

यावर धाकट्याने स्पंजवर थेंब टाकले. बायको चहाचा कप स्टुलावर ठेवून म्हणाली, "मी वर खोली आवरते. तू पूस," आणि गेली.

वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, ड्रायव्हिंग स्कूल होतं. म्हणजे एक पिवळी गाडी होती, तिच्या टपावर पाटी होती आणि डाव्या सीटसमोर दुसरा ब्रेक होता. अर्धं शहर त्या गाडीत शिकलं. शिकणारा चुकला की अण्णांचा उजवा पाय दाबला जायचा, गाडी जागच्या जागी थांबायची आणि अण्णा समोर रस्त्याकडे बघत म्हणायचे, "मी होतो म्हणून." ओरडणं नाही, टपली नाही. नुसतं तेवढंच. दादा त्या गाडीत बघता बघता शिकून मोकळा झाला. धाकट्याचं गाडं मात्र तिथेच अडलं. त्याने ब्रेककडे पाय न्यावा, तर गाडी आधीच थांबलेली असायची. कुत्रं आडवं आलं, थांबली. सायकल आली, थांबली. एकदा काहीच आलेलं नव्हतं तरी थांबली. धाकट्याने चमकून पाहिलं तर अण्णा म्हणाले, "येणार होतं."

आपण थांबवली असती का, हे त्याला कधीच कळलं नाही.

पुढे लग्नानंतर त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला, घरी न सांगता, एका स्कूलमध्ये नाव घातलं. पहिल्याच चौकात गाडी गचकन थांबली आणि शेजारचा मास्तर समोर बघत म्हणाला, "मी होतो म्हणून." तो अण्णांचा विद्यार्थी निघाला. पुढचे सगळे दिवस त्याने गुरुपुत्राला फुकट चहा पाजला, आणि ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावू दिला नाही.

स्कूल बंद झालं. पिवळी गाडी भंगारात गेली. पण अण्णांच्या पायाला हे कुणी कळवलं नसावं. कुणाच्याही गाडीत डावीकडे बसले की तो पाय आपसूक पुढे सरकायचा आणि दर वळणावर, दर सिग्नलला खाली दाबला जायचा. तो नुसता धप्प असा आवाज ऐकला, की चालवणाऱ्याला आपण नक्की काहीतरी चिरडणार होतो असं वाटायचं.

नवी गाडी शोरूममधून घरी आणली ती बायकोने. धाकटा डावीकडे बसला होता. घर येईपर्यंत तीनदा त्याचाच पाय जमिनीवर दाबला गेला. बायकोने विचारलं तर म्हणाला, पाय आखडलाय. त्यानंतर रोज सकाळी तो गाडीत बसायचा, इंजिन सुरू करायचा, गाडी दोन हात पुढे न्यायचा, दोन हात मागे आणायचा आणि पुसायला उतरायचा. सीटवरचं प्लॅस्टिक काढलं नव्हतं. डावीकडे पायाखाली, घरी आल्यावर बदलून घातलेला, शोरूमचा कोरा कागद तसाच होता, कडक, घडीही न मोडलेला.

आता बॉनेट तेवढं राहिलं होतं. दाढीवाला म्हणाला होता, "बॉनेट म्हणजे गाडीचा चेहरा, भावांनो, तिथे घाई नाही." धाकट्याने त्यावर रेघ ओढली, पसरली आणि रस्त्यावरून पार्किंगमध्ये येणाऱ्या उताराच्या दिशेने पाहिलं. चादरीच्या फटीतून उतार दिसत होता, त्यावरचा उजेड दिसत होता, आणि कुणी येत नव्हतं. तो फटीपर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला. बस बदलावी लागते. दुसरी बस कुठून सुटते हे अण्णांना ठाऊक आहे का? असेलच. नसेल तर विचारतील. विचारतील का? धाकट्याने निम्मं बॉनेट पुसलं, निम्म्यावर नव्याने थेंब टाकले आणि तो परत फटीपाशी गेला.

"साहेब," वॉचमनची हाळी आली, "पेशंटचे नातेवाईक आलेत!"

चादर बाजूला झाली. आधी बॅग आत आली, मग अण्णा. अण्णांनी टोपीपासून हातमोज्यांपर्यंत त्याला नीट पाहून घेतलं.

"डोक्याला काय घातलंयस?"

"केस पडू नयेत म्हणून."

"तुला केस कुठेत?"

"म्हणजे… असतील ते."

अण्णांनी बॅग खाली ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरायला सुरुवात केली. पिवळ्या गाडीभोवती रोज सकाळी असेच फिरायचे. आरशापाशी थांबले. एक हात पाठीमागून सुटून पुढे आला आणि हवेतच राहिला.

"लावू का हात?"

"ओलं आहे, अण्णा."

"मग नाही लावत."

हात परत गेला.

"बसने आलात?"

"दोन बस. पहिला ड्रायव्हर अगदीच होता. दुसऱ्याचा हात बरा होता."

"मी येणार होतो घ्यायला."

"ऐकलं ना मी. मुरायचंय म्हणून." अण्णांच्या बोलण्यात टोमणा कुठे सापडतो का, हे धाकट्याने शोधून पाहिलं. नव्हता. असता तर बरं झालं असतं. "जरा टेकू का आत? पाय भरून आलेत."

धाकट्याने लगबगीने डावीकडचं पुढचं दार उघडलं. आतला कोरा कागद दिव्याच्या उजेडात चमकला. त्या कागदावर अण्णांचा बूट पडणार, हे त्याला दिसलंच, तरी दार धरून तो उभा राहिला.

अण्णा त्या दारावरून पुढे गेले. खिशातून रुमाल काढला, रंगाला बोट लागणार नाही अशा बेताने रुमालाने मागचं हँडल धरलं आणि ते मागच्या सीटवर जाऊन बसले. बॅग मांडीवर घेतली. मग पट्टा ओढून लावला. गाडी उभी होती, उद्या संध्याकाळपर्यंत उभीच राहणार होती, तरी लावला.

"अण्णा, मागे?"

"मागेच बरं."

"तुम्ही कधी मागे बसलेले…"

"थोरल्याकडे आता मागेच बसतो मी. पुढे बसलो की त्याला घाम फुटतो. मागच्या महिन्यात सिग्नल तुटला त्याच्याकडून. माझ्यामुळेच." अण्णांनी बॅगेचा बंद सरळ केला. "मागे चांगलं असतं. रस्ताच दिसत नाही, म्हणजे प्रश्न मिटला."

धाकट्याने खाली पाहिलं. अण्णांनी उजवा पाय पुढच्या सीटखाली सारून ठेवला होता, खोडकर वासराला दाव्याने जखडून ठेवावं तसा. बुटाला अजून रस्त्याची धूळ होती. लेस मात्र घट्ट, दुहेरी गाठीची.

बॉनेटवर इंद्रधनुष्य उमटून विरायला लागलं होतं. दाढीवाल्याच्या हिशेबाने पॅनेल एव्हाना ओरडून सांगत असावं. धाकट्याच्या हातात फडकं होतं. त्याने बॉनेटकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, आणि त्या फडक्याने, जे फक्त रंगासाठी होतं आणि ज्याला जमिनीचा स्पर्शही होऊ द्यायचा नव्हता, त्याने आपलं तोंड पुसलं. मग टोपी काढली. चष्मा काढला. हातमोजे काढताना एक उलटा झाला तो तसाच स्टुलावर टाकला.

"अण्णा, पुढे या."

"कशाला?"

"तुम्हाला आणायला जायचंय."

"मी आलोय."

"बसस्टॉपपर्यंत जाऊ. तिथे तुम्ही उतरा. मग मी तुम्हाला घेऊन येतो."

अण्णांनी यावर विचार केला. वाहतुकीचा एखादा नवा नियम निघालाय आणि तो योग्य आहे की नाही हे ठरवायचंय, अशा चेहऱ्याने केला.

"बॅग?"

"बॅगही घेऊ. नाहीतर आणल्यासारखं वाटणार नाही."

"आणि मुरायचं?"

"मुरेल वाटेत."

अण्णांनी पट्टा सोडला. पुढे आले. बसताना कागद करकरला तसा त्यांनी पाय उचलून धरला.

"खाली कागद आहे रे. काढतोस का?"

"असू दे."

धाकटा उजवीकडे बसेपर्यंत चादरीतून बायको आत आली. हातात उशीचा धुतलेला अभ्रा होता.

"अण्णा! कधी आलात? आणि हे काय, निघालात कुठे?"

"हा मला आणायला चाललाय," अण्णा म्हणाले.

बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. धाकट्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जणू ते कुणीतरी मागायला आलंय. मग ती बॉनेटवर, बरोबर अण्णांच्या समोर, वाळत चाललेल्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथे राहिलंय."

"राहू दे."

तिने अभ्रा खांद्यावर टाकला आणि चादरीच्या गाठी सोडायला घेतल्या. एक चादर पडली, दुसरी पडली. चादरींवर साचलेली धूळ छान उडाली आणि सावकाश, घाई न करता, ओल्या रंगावर येऊन बसली.

इंजिन सुरू झालं. धाकट्याने गाडी दोन हात पुढे घेतली. इथवर तो रोजच येत होता. मग तिसरा हात आला, चौथा आला. खांब मागे गेला. डावीकडे पाहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण कानांना ते ठरवता येत नव्हतं. कान डावीकडेच होते. उताराच्या तोंडाशी त्याने गिअर बदलला, जरा खरखरला, तरी अण्णा काही बोलले नाहीत. गाडी चढायला लागली. वरचा उजेड काचेवर आला आणि त्यात बॉनेटवरचा पट्टा स्पष्ट दिसला, मळकट, तळहाताएवढा रुंद, आडवा.

"आहे! इंजिन आहे!"

वॉचमन धावत आला. फोन समोर धरून, एक डोळा मिटून, हा ऐतिहासिक क्षण टिपायला तो मागे मागे सरकत थेट उताराच्या माथ्यावर, गाडीच्या बरोबर समोर येऊन उभा राहिला.

गाडी थांबली. अण्णांची बॅग मांडीवरून घसरून समोर आदळली. त्याच क्षणी डावीकडे कागद टर्रकन फाटला.

वॉचमन बॉनेटपासून हातभर अंतरावर होता. त्याने फोन खाली घेतला नाही, पण दुसरा डोळा उघडला.

धाकट्याने खाली पाहिलं. ब्रेकवर पाय होता. त्याचाच होता, त्याने अंगठा हलवून खात्री करून घेतली. मग डावीकडे पाहिलं. अण्णांचा पाय पुढे गेला होता, पूर्ण ताकदीने; बुटाखाली कागदाला पार तळापर्यंत भोक पडलं होतं, आणि खाली ब्रेक नव्हता, फक्त गाडीचा तळ होता.

तो वाट बघत राहिला. समोर रस्त्याकडे बघत आता ते वाक्य येणार होतं.

अण्णा स्वतःच्या बुटाकडे बघत होते. ओठ एकदा हलले आणि तसेच मिटले.

"तुम्ही होता म्हणून," धाकटा म्हणाला.

अण्णांनी मान वर केली. त्याच्याकडे नाही, समोर पाहिलं. वॉचमन अजून तिथेच होता.

"हॉर्न का नाही दिलास?"

धाकट्याने हॉर्न दिला. वॉचमन बाजूला झाला. अण्णांनी बॅग उचलून मागच्या सीटवर टाकली, बुटाच्या टोकाने फाटलेला कागद होता तसा सरळ केला, आणि पाय परत त्यावर ठेवला. हलकाच, पण तयारीत.